वैयक्तिक विक्रम आणि संघाचा इतिहास : विदर्भ क्रिकेटच्या नोंदींची प्रस्तावना

सांघिक खेळात वैयक्तिक विक्रमांना नेमके कोणते स्थान द्यावे, हा क्रीडा-इतिहासाच्या लेखनातील एक मूलभूत प्रश्न आहे. सामना संघ जिंकतो किंवा हरतो आणि करंडकावर नावही संघाचेच कोरले जाते. तरीही त्या यशापयशाची घडण समजून घ्यायची, तर कोणी किती धावा केल्या, कोणी किती षटके टाकली आणि कोणाच्या गोलंदाजीवर कोण बाद झाला, या वैयक्तिक नोंदींकडेच अभ्यासकाला वळावे लागते. विदर्भाच्या रणजी संघातील खेळाडूंची अशी वैयक्तिक आकडेवारी हा प्रस्तुत विवेचनाचा विषय असून, आकडा आणि तो ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदल्या गेल्या तरच विक्रमाला इतिहासाचे मोल येते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वैयक्तिक विक्रमांची मांडणी सामान्यतः तीन स्तरांवर केली जाते. पहिला स्तर एका डावाचा किंवा एका सामन्याचा, दुसरा एका हंगामाचा आणि तिसरा संपूर्ण कारकिर्दीचा. एका सामन्यातील विक्रमात त्या दिवसाचे तेज दिसते, हंगामाच्या विक्रमात सातत्य दिसते, तर कारकिर्दीच्या विक्रमात खेळाडूची चिकाटी आणि त्याच्यावर संघाने टाकलेला विश्वास या दोहोंचे प्रतिबिंब पडते. या तीन स्तरांची सरमिसळ झाली, की एका तेजस्वी दिवसाला आयुष्यभराच्या कष्टांच्या बरोबरीने मोजले जाते किंवा त्याच्या उलट घडते. म्हणून कोणत्याही विक्रमसूचीचा अभ्यास करताना प्रथम स्तर निश्चित करणे आवश्यक ठरते.

अशा नोंदींची शिस्त शैक्षणिक संस्थांच्या पातळीवर किती काटेकोर होऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल होय. तेथे प्रत्येक विद्यापीठ आपल्या संघाचे सामन्याचे, हंगामाचे आणि कारकिर्दीचे वैयक्तिक विक्रम वर्षानुवर्षे जपते, आणि राष्ट्रीय पातळीवरील अधिकृत आकडेवारी १९३७ पासून ठेवली जात आहे. त्या खेळात चेंडू हातात घेऊन धावत पुढे नेलेले अंतर यार्डांत, म्हणजे तीन-तीन फुटांच्या मापात, मोजतात. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बॅरी सँडर्सने १९८८ च्या हंगामात ११ सामन्यांत असे २,६२८ यार्ड अंतर कापले. पुढे २०२४ मध्ये बॉइसी स्टेट विद्यापीठाचा ॲश्टन जेंटी २,६०१ यार्डांपर्यंत पोहोचला आणि सँडर्सच्या विक्रमापासून अवघे २७ यार्ड दूर राहिला. मात्र त्यासाठी त्याला १४ सामने मिळाले होते. शिवाय हंगामाअखेर निमंत्रित संघांमध्ये जो विशेष सामना होतो, त्याला तेथे बोल सामना म्हणतात, आणि त्यातील आकडे २००२ पूर्वी हंगामाच्या बेरजेत धरले जात नसत. त्यामुळे सँडर्सने तशा सामन्यात मिळवलेले २२२ यार्ड त्याच्या विक्रमात समाविष्ट नाहीत, तर जेंटीच्या बेरजेत तसा सामना समाविष्ट आहे. काय मोजायचे आणि काय वगळायचे, याचा नियम बदलला की विक्रमाचा अर्थही बदलतो, हे यावरून स्पष्ट होते. हीच कसोटी विदर्भाच्या नोंदींना लावून पाहणे उद्बोधक ठरते.

विदर्भाच्या नोंदींकडे वळण्यापूर्वी 'विदर्भाचा संघ' म्हणजे काय, हे पाहणे इष्ट आहे. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. तिच्या आरंभीच्या काळात हा प्रदेश मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाच्या संघाद्वारे स्पर्धेत उतरत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाचा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत खेळू लागला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरही ही रचना कायम राहिली आणि म्हणूनच मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ एकाच राज्यातून रणजी करंडकासाठी खेळतात. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील खेळाडूंना वरच्या दर्जाच्या क्रिकेटचा दरवाजा उघडतो तो याच संघामुळे. नागपूरहून वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटकडे जाणाऱ्या महामार्गावरच जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मोठे स्टेडियम उभे आहे आणि २००८ पासून तेथे कसोटी सामने होत आले आहेत. त्यामुळे वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा इतिहास दूरच्या शहराचा राहत नाही, तो स्वतःच्या वाटेवरचा ठरतो.

संघाच्या नोंदींची सीमारेषा किती कठोर असू शकते, हे सी. के. नायडू यांच्या उदाहरणावरून दिसते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार असलेल्या नायडूंचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला आणि त्यांचे क्रिकेटही याच शहरात बहरले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर एम.सी.सी. संघाविरुद्ध ११ षटकारांसह त्यांनी केलेल्या १५३ धावा भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील एक निर्णायक खेळी मानल्या जातात. ते १९५६-५७ पर्यंत, म्हणजे वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत, रणजी सामने खेळले. परंतु विदर्भाचा संघ अवतरला तो नेमका त्यानंतरच्या हंगामात. परिणामी नागपूरच्या मातीत जन्मलेल्या या सर्वांत थोर क्रिकेटपटूच्या नावावर विदर्भासाठी एकही रणजी धाव नाही. त्यांचे बंधू सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच, आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी ९१७ चेंडू टाकून जो विश्वविक्रम केला, तो मात्र होळकर संघाच्या खाती जमा आहे. जन्मभूमीचा अभिमान आणि संघाची नोंद या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि इतिहासकाराने दोन्ही जपाव्यात, पण एकमेकींत मिसळू नयेत.

असाच फरक मैदानाच्या विक्रमांत आणि संघाच्या विक्रमांत करावा लागतो. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर, विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाजांचा त्रिफळा उडवून विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक साधली, आणि त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी आपल्या एकदिवसीय कारकिर्दीतील एकमेव शतक, नाबाद १०३ धावा, पूर्ण केले. हे दोन्ही विक्रम नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आणि ते या भूमीच्या आठवणींचा भाग झाले, तरी ते विदर्भ संघाचे विक्रम नव्हेत. विदर्भाच्या खेळाडूला कसोटी संघात स्थान मिळण्यासाठी त्यानंतरही दोन तपे जावी लागली. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या उमेश यादवने नोव्हेंबर २०११ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पण केले तेव्हा विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू भारताला मिळाला.

रणजी स्पर्धेतील विदर्भाची पहिली साठ वर्षे विजेतेपदाविनाच गेली आणि त्यामुळे त्या काळातील वैयक्तिक कामगिरीकडे देशाचे लक्ष फारसे गेले नाही. ही स्थिती २०१७-१८ च्या हंगामात पालटली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैझ फझल यांच्या संघाने उपान्त्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी नमवले आणि इंदूर येथे झालेल्या अंतिम सामन्यात दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून करंडक प्रथमच विदर्भात आणला. या यशामागील वैयक्तिक आकडे पाहिले, तर रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाचे नाव अग्रभागी येते. उपान्त्य सामन्याच्या पहिल्या डावात ९४ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ असे एकूण १२ बळी त्याने घेतले. अंतिम सामन्यात ५९ धावांत ६ बळी घेताना त्याने हॅटट्रिकही साधली. रणजी अंतिम सामन्यातील ती केवळ दुसरी हॅटट्रिक होती. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध घेतली होती. गुरबानीच्या हॅटट्रिकचा तिसरा बळी होता १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरे. दिल्लीच्या २९५ धावांपैकी जवळजवळ निम्म्या धावा एकट्याने करणाऱ्या फलंदाजाचा तो बळी होता, ही माहिती जोडल्याशिवाय त्या हॅटट्रिकचे खरे वजन कळत नाही. त्याच सामन्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा करून आपले पहिले प्रथम श्रेणी शतक झळकावले आणि विदर्भाने ५४७ धावांची मजल मारली.

एका सामन्यातील विक्रमांचा आणखी एक संच पुढील वर्षीच्या हंगामाने दिला. जानेवारी २०१९ मध्ये वायनाड येथील उपान्त्य सामन्यात उमेश यादवने केरळविरुद्ध ४८ धावांत ७ आणि ३१ धावांत ५, असे ७९ धावांत १२ बळी मिळवले. त्या सामन्यात केरळचे दोन्ही डाव १०६ आणि ९१ धावांत आटोपले आणि विदर्भाचाही एकमेव डाव २०८ धावांतच संपला. म्हणजे खेळपट्टी वेगवान गोलंदाजीला उघडपणे साथ देणारी होती. याउलट जामठा येथे सौराष्ट्राविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने ९८ धावांत ५ आणि ५९ धावांत ६ असे ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले आणि दुसऱ्या डावात ४९ मोलाच्या धावाही केल्या. विदर्भ ७८ धावांनी विजयी झाला. बारा बळींचा आकडा अकरा बळींपेक्षा मोठा असला, तरी प्रतिस्पर्धी, खेळपट्टी आणि सामन्याचा टप्पा विचारात घेतल्यावर कोणती कामगिरी अधिक अवघड, याचे उत्तर केवळ संख्येत सापडत नाही.

फलंदाजीतील विक्रमांचे मूल्यमापन करताना सरासरी ही संज्ञा प्रथम समजून घ्यावी लागते. फलंदाजाच्या एकूण धावांना तो किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागले, की त्याची सरासरी मिळते. नाबाद राहिलेले डाव धावांच्या बेरजेत येतात, पण भाजकात येत नाहीत. गोलंदाजाच्या बाबतीत दिलेल्या धावांना बळींच्या संख्येने भागतात, त्यामुळे तेथे सरासरी जितकी कमी तितकी कामगिरी सरस ठरते. या गणिताचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखवणारे उदाहरण करुण नायर याने विदर्भाकडून खेळताना २०२४-२५ च्या विजय हजारे करंडक या मर्यादित षटकांच्या स्पर्धेत घडवले. अंतिम सामन्यापूर्वी त्याच्या ७५२ धावा झाल्या होत्या आणि तो एकदाच बाद झाला होता, म्हणून त्याची सरासरीही ७५२ होती. अंतिम सामन्यात तो २७ धावांवर बाद झाला आणि ७७९ धावांची सरासरी एकदम ३८९.५० वर आली. एका डावाने सरासरी जवळपास निम्म्यावर आली, तरी फलंदाजाचा दर्जा काही एका दुपारीत निम्मा झाला नव्हता. पाच शतकांचा तो पराक्रम अद्वितीयच होता; सरासरी मात्र तो पुरतेपणी सांगू शकली नाही. म्हणून सरासरीबरोबर डावांची आणि नाबाद राहण्याची संख्या देणे ही प्रामाणिक नोंदीची पहिली अट आहे.

हंगामाच्या पातळीवर विदर्भाची नोंदवही गेल्या काही वर्षांत विशेष समृद्ध झाली आहे. २०१७-१८ मध्ये फैझ फझलने ९१२ धावा केल्या; २०१८-१९ मध्ये वसीम जाफरने १,०३७ धावा करून रणजीच्या दोन वेगवेगळ्या हंगामांत हजाराचा टप्पा ओलांडणारा पहिला फलंदाज होण्याचा मान मिळवला, आणि २०२४-२५ मध्ये यश राठोडने ९६० धावांसह संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक धावा केल्या. परंतु या सर्वांहून अधिक अभ्यासनीय आहे तो हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा २०२४-२५ चा विक्रम. त्या हंगामात १० सामन्यांत ६९ बळी मिळवून त्याने रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम स्वतःच्या नावे केला आणि त्याच वेळी फलंदाजीतही ४७६ धावांची भर घातली.

या विक्रमाची वंशावळ उलगडली, तर तुलनेच्या अडचणी लक्षात येतात. एका हंगामातील सर्वाधिक बळींचा मान दीर्घकाळ दिल्लीच्या बिशनसिंग बेदी यांच्याकडे होता. त्यांनी १९७४-७५ मध्ये ६४ बळी घेतले होते. तो आकडा २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळींसह मागे टाकला. अमनला त्यासाठी ८ सामने पुरले आणि त्याची सरासरी अत्यंत कमी होती. परंतु त्या वर्षी रणजीत नव्याने आलेल्या संघांना एकत्र करून जो प्लेट गट करण्यात आला होता, त्यात बिहारचा संघ खेळत होता आणि त्यातील बहुतेक प्रतिस्पर्धी अननुभवी होते. दुबेने दोन सामने अधिक खेळले, पण त्याच्या वाट्याला बाद फेरीतील बलाढ्य संघही आले. दुबेचा आकडा सर्वांत मोठा, अमनला लागलेले सामने कमी, आणि बेदींचा विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकलेला. या तिन्ही विधानांत परस्परविरोध नाही. सँडर्स आणि जेंटी यांच्या ११ आणि १४ सामन्यांमधील तुलनेत जो प्रश्न उभा राहिला, तोच येथेही आहे. योग्य मांडणी ती, जी विक्रमधारकाचे नाव निःसंदिग्धपणे सांगते आणि सामने, गट व प्रतिस्पर्धी यांचा तपशील शेजारीच ठेवते, जेणेकरून वाचकाला स्वतःचा निर्णय करता येईल.

कारकिर्दीच्या स्तरावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण आजचा खेळाडू एकाच संघात राहील याची शाश्वती नसते. रणजी स्पर्धेत १२,०३८ धावा करणाऱ्या वसीम जाफरच्या कारकिर्दीचा मोठा भाग मुंबईचा आहे. विदर्भाकडे तो उत्तरकाळात आला, आणि तरीही मार्च २०१८ मध्ये नागपूर येथील इराणी करंडकाच्या सामन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी शेष भारत संघाविरुद्ध त्याने काढलेल्या २८६ धावा हा त्या स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक डाव विदर्भाच्या ७ बाद ८०० या धावसंख्येचा कणा ठरला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध १४५ धावा काढणारा ध्रुव शोरे २०२३-२४ पासून विदर्भाचाच सलामीवीर झाला. तर विदर्भाला विजेतेपद मिळवून देणारा आदित्य सरवटे २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून उतरला आणि जामठ्याच्या त्याच मैदानावर विदर्भाविरुद्ध त्याने ७९ धावा केल्या. अशा वेळी कारकिर्दीची एकच बेरीज पुरेशी ठरत नाही. खेळाडूची एकूण बेरीज आणि विशिष्ट संघासाठीची बेरीज अशा दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात. बाहेरून आलेल्या खेळाडूचा वाटा कमी लेखणे जसे अन्यायाचे, तसेच वर्षानुवर्षे एकाच संघासाठी झिजलेल्या स्थानिक खेळाडूचे नाव मोठ्या बेरजांच्या सावलीत हरवू देणेही अन्यायाचे आहे.

२०२४-२५ च्या त्याच अंतिम सामन्याने वैयक्तिक कामगिरी आणि सांघिक निकाल यांचे नाते आणखी एका अंगाने दाखवून दिले. रणजीच्या बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्या संघाच्या धावा अधिक असतील तो पुढे जातो. याला पहिल्या डावातील आघाडी म्हणतात. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ आणि केरळने ३४२ धावा केल्या, आणि या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दानिश मालेवारच्या पहिल्या डावातील १५३ धावा आणि करुण नायरच्या दुसऱ्या डावातील १३५ धावा या दोन्ही शतकी खेळी नोंदवहीत शेजारी बसतात. परंतु करंडक ज्या आघाडीने ठरला, तिच्या पायाशी मालेवारचा डाव आहे, तर नायरच्या डावाने प्रतिस्पर्ध्याचा परतीचा मार्ग बंद केला. पराभवातील कामगिरीलाही नोंदवहीत तितकाच हक्क असतो. मार्च २०२४ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात ५३८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना कर्णधार अक्षय वाडकरने १०२ धावा केल्या आणि विदर्भाने ३६८ पर्यंत झुंज दिली. सामना १६९ धावांनी हातचा गेला, पण पुढच्याच हंगामात विजेता ठरलेल्या संघाची घडण समजण्यासाठी तो डाव वाचावाच लागतो.

विक्रम पूर्ण होण्यासाठी खेळाडूच्या कौशल्याबरोबर सामना चालू राहणेही आवश्यक असते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मराठी मुलखातच घडले आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि डॉन ब्रॅडमन यांच्या तत्कालीन सर्वोच्च ४५२ धावांपासून केवळ ९ धावा दूर होते, तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी क्रिकेट कधीच खेळायला मिळाले नाही. त्यांचा विश्वविक्रम हुकला, तरी त्या डावाची धावसंख्या, ती कोणत्या क्षणी थांबली आणि का थांबली, हे सारे नोंदले गेले, म्हणूनच आज पाऊण शतकानंतरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या विद्यार्थ्याने शालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा करून इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या विद्यार्थ्याचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला, तेव्हा ११७ वर्षांच्या अंतरावरील दोन शालेय डावांची तुलना शक्य झाली. दोन्ही ठिकाणी कोणीतरी प्रत्येक धाव निष्ठेने लिहून ठेवली होती, हेच त्याचे एकमेव कारण आहे.

ही निष्ठा म्हणजे स्कोअररचे, अर्थात गुणलेखकाचे काम. प्रत्येक चेंडूगणिक धाव, निर्धाव चेंडू, वाइड, नो-बॉल, लेग-बाय आणि बळी यांची खूण करणे, षटक संपताच दुसऱ्या गुणलेखकाशी बेरीज पडताळून पाहणे आणि डावाअखेर फलंदाजांच्या धावा व अवांतर धावा मिळून संघाची धावसंख्या जुळते की नाही हे तपासणे, ही त्याची पद्धत. रणजी पातळीवर आता हे काम संगणकाच्या साहाय्याने होते आणि त्याची नोंद सर्वांना उपलब्ध असते. आंतरमहाविद्यालयीन, तालुका आणि जिल्हा पातळीवर मात्र ते अजूनही वहीवर आणि ती वही जपणाऱ्या माणसावर अवलंबून असते, आणि विद्यार्थी-खेळाडूच्या वाट्याला येणारी पहिली नोंद याच पातळीवर होते. अमेरिकेतील विद्यापीठे आपल्या संघाचा पूर्वेतिहास आकड्यांनिशी सांगू शकतात, कारण तेथे ही पहिली नोंद फेकून दिली जात नाही.

या दृष्टीने हिंगणघाटसारख्या गावाला विशेष महत्त्व आहे. वणा नदीच्या काठी वसलेले हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखले जाते, आणि कापसाची पारख करणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते की केवळ वजनावरून भाव ठरत नाही. धाग्याची लांबी, ओलावा आणि स्वच्छता पाहावीच लागते. वैयक्तिक विक्रमाचेही तसेच आहे. धावांची किंवा बळींची संख्या हे वजन झाले; प्रतिस्पर्धी, मैदान, डावातील परिस्थिती आणि सामन्याचा निकाल ही त्याची प्रत झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत असलेल्या वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उतरतात. त्यांपैकी फार थोडे विदर्भाच्या संघापर्यंत पोहोचतील हे खरे. परंतु जे पोहोचतील त्यांच्या वाटचालीचा आरंभ आणि जे पोहोचणार नाहीत त्यांच्या श्रमांचा पुरावा या दोन्ही गोष्टी त्याच वहीत असतात.

हाती असलेल्या नोंदी वाचताना अभ्यासकाने काही पथ्ये पाळावीत. विक्रम कोणत्या स्तरावरचा आहे हे प्रथम ठरवावे. संघाचा, मैदानाचा आणि जन्मभूमीचा विक्रम एकमेकांपासून वेगळा ठेवावा. सरासरीबरोबर डाव, नाबाद आणि सामने यांची संख्या पाहावी. वेगवेगळ्या काळांतील आकडे शेजारी मांडताना स्पर्धेची रचना आणि नियम यांतील बदल सांगावेत. आणि खेळाडूने संघ बदलला असल्यास त्याच्या दोन्ही बेरजा द्याव्यात. या पथ्यांमुळे कोणत्याही खेळाडूचे मोठेपण कमी होत नाही. ते कशात आहे, हे अधिक नेमकेपणाने कळते.

विदर्भाने १९५७-५८ पासून पहिल्या विजेतेपदापर्यंत साठ वर्षे वाट पाहिली आणि २०१७-१८ ते २०२४-२५ या काळात तीन वेळा रणजी करंडक जिंकला. या यशाची मुळे ज्या गावांत आणि महाविद्यालयांत आहेत, तेथील जुनी स्कोअरबुके कपाटांत, कपाटांवर किंवा रद्दीच्या गठ्ठ्यांत असतील, तर ती वेळीच बाहेर काढून त्यांच्या प्रती करणे, तारखा व प्रतिस्पर्धी संघांसह त्यांची सूची तयार करणे आणि पुढील प्रत्येक सामन्याची वही ग्रंथालयात जमा करण्याचा नियम घालणे हे काम फार खर्चाचे नाही. हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव आणि विदर्भातील अशा सर्व गावांमधील क्रीडाशिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि माजी खेळाडूंनी ते आपले कर्तव्य मानून हाती घ्यावे, कारण ज्या खेळाडूची नोंद त्याच्या स्वतःच्या गावाने ठेवली नाही, त्याची नोंद दुसरे कोणीही ठेवणार नाही.